गणिताचं डोकं

'याच्या डोक्यात गणितच नाही.' हे वाक्य आपल्या वस्तीतल्या पोरांना इतक्यांदा ऐकवलं गेलंय की आता ती स्वतःच स्वतःला ऐकवतात. मास्तरची गरज उरलेली नाही. बारावी झालेला पोरगा सरळ सांगतो, 'माझं मॅथ्स कच्चंय. माझं डोकंच तसलं नाय.' जणू गणित म्हणजे उंची किंवा कातडीचा रंग. जन्माबरोबर आलं तर आलं. मित्रहो, जन्मावरनं लायकी ठरवणारी ही भाषा आपण याआधी कुठं ऐकली आहे, ते तुम्हाला सांगायला नको.

बारावीची परीक्षा संपते आणि कॉलेज लागतं, यांच्यामध्ये काही महिने मोकळे जातात. इंजिनिअरिंगला नाहीतर बी.एस्सी.ला जाणाऱ्या पोराला याच महिन्यांत कळतं की आपलं निम्मं गणित झालेलंच नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकला, अकरावीला एकदम इंग्रजीत पडला. तालुक्याच्या कॉलेजात गणिताला अर्धं वर्ष माणूस नव्हता. ज्याच्या बापाकडं क्लासची फी होती त्याचं भागलं. पुढं कॉलेजात पहिल्याच आठवड्यात प्राध्यापक फळ्यावर इंटिग्रेशन मांडतात आणि म्हणतात, 'हे तुम्ही केलेलंच आहे.' तिथं हात वर करून 'नाही केलं' म्हणायला छाती लागते. २०१५ साली रुरकीच्या आयआयटीनं पहिल्या वर्षाची सत्तरहून जास्त मुलं कमी गुणांपायी काढून टाकली. बहुतेक राखीव जागांवर आलेली. ओरड झाल्यावर पुन्हा संधी दिली, पण तोवर पेपरांत त्यांच्या गुणवत्तेची धिंड निघून गेली होती.

तर प्रश्न असा. जे आपल्याला शिकवायचं होतं आणि शिकवलं नाही, ते आपणच शिकून घ्यायचं काय? हा नुसता अभ्यासाचा प्रश्न नाही, नीतीचा आहे. कर्ज दुसऱ्याचं आणि फेडायचं आपण, असला हा मामला.

एक उत्तर शहाजोग लोकांचं. 'जिद्द पाहिजे. रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकून लोक मोठे झाले.' हे म्हणणाऱ्याच्या पोराला तीन-तीन क्लास असतात. एकलव्याचं कौतुक करणाऱ्यांनी एकलव्याला शाळेत घेतलं असतं तर कौतुकाची वेळच आली नसती. स्वावलंबन चांगलं, पण लादलेलं स्वावलंबन म्हणजे गोड बोलून बाहेर काढणं. दुसरं उत्तर आपल्यातलंच. 'आपण का म्हणून करायचं? हक्क आहे. सरकारनं शिकवावं. मोर्चा काढू.' मोर्चा काढावाच. पण मोर्चाचा निकाल लागेपर्यंत या पोराचं वर्ष जातं. शिवाय या उत्तरातही ज्ञान दुसऱ्याच्याच मुठीत राहतं, तो देईल तेव्हा आपल्याला मिळणार. या दोन्हीत न मावणारं काहीतरी गणित स्वतः शिकण्यात आहे. ते दाखवायला एक गणितच करावं लागेल.

गुंठा सगळ्यांना ठाऊक. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. (गावाची शीव दाखवायला महार लागायचा, शिवेचा तंटा त्याच्या साक्षीवर मिटायचा आणि हिशेबाचा कागद कुलकर्ण्याच्या दप्तरात. ते असो.) आता या चौकोनाची बाजू एक फुटानं वाढवा. ३४ गुणिले ३४, ११५६. वाढ झाली ६७ चौरस फूट. एक फुटाऐवजी अर्धाच फूट वाढवा. वाढ ३३.२५, म्हणजे फुटामागं ६६.५. फुटाचा दहावा भाग वाढवा. वाढ ६.६१, फुटामागं ६६.१. शंभरावा भाग घेतला तर फुटामागं ६६.०१. वाढ जितकी बारीक तितका आकडा ६६ कडं सरकतो. ६६ म्हणजे ३३ ची दुप्पट. बारावीत जे घोकून घेतलं, 'क्ष वर्गाचं डेरिव्हेटिव्ह दोन क्ष', ते हेच. दुप्पट का? चौकोन दोन बाजूंनी वाढतो. दोन पट्ट्या वाढतात आणि कोपऱ्यात एक बारका तुकडा. तुकडा पट्ट्यांपेक्षा भराभर लहान होतो. कागदावर काढून बघा, मग फॉर्म्युला पाठ करावा लागत नाही.

इथं एखाद्या पोराला शंका येते. वाढ शून्य धरली तर शून्यानं भागता येत नाही. शून्य धरली नाही तर कोपरा उरतोच. मग नेमकं ६६ आलं कुठनं? शंका येते आणि पोरगा गप्प बसतो. त्याला वाटतं, बाकीच्या सगळ्यांना कळलंय, आपलंच डोकं फुटकं. अरे, सतराव्या शतकात हे गणित उभं करणाऱ्या न्यूटनला आणि लायब्निट्सलाही याचं धड उत्तर देता आलं नव्हतं. १७३४ साली बर्कली नावाच्या बिशपनं याच जागेवर बोट ठेवून गणितज्ञांची टर उडवली. कोशीनं १८२१ च्या आपल्या पुस्तकात लिमिटची, म्हणजे सीमेची कल्पना पायाला घातली, पुढं वायरस्ट्रासनं ती काटेकोर केली, तेव्हा कुठं तंटा मिटला. उत्तर असं, की ६६ हे कुठल्याच एका वाढीचं फळ नाही. तुम्ही म्हणाल तितकं ६६ च्या जवळ, वाढ पुरेशी बारीक घेऊन मी जाऊन दाखवतो. सीमा ती एवढीच.

दीडशे वर्षं युरोपातली मोठी डोकी ज्या प्रश्नाशी झटली तो प्रश्न आपल्या पोराला पडला, म्हणून त्याला डोकं नाही? आणि ज्याला काहीच अडलं नाही, नुसतं पाठ झालं, तो हुशार? वर्गात हीच शंका एकानं विचारली तर त्याला चौकस म्हणतात, दुसऱ्यानं विचारली तर 'खाली बस' म्हणतात. कुणाला काय म्हणतात हे तुम्ही बघितलेलं आहे.

वरच्या हिशेबात 'मी सांगतो म्हणून' असं एकही पाऊल नाही. बुद्धानं कालामांना सांगितलं होतं, की ग्रंथात आहे म्हणून, चालत आलंय म्हणून, गुरू म्हणतो म्हणून मानू नका. गणित स्वतः शिकणारा पोरगा रोज नेमकं हेच करतो, तेही दोन रुपयांच्या पेननं. ज्यानं एकदा असा तपास केला त्याला पुढं कुणीही 'शास्त्रात सांगितलंय' म्हणून सहजी गप्प करू शकत नाही.

पण फसगतही इथंच आहे. एकट्यानं शिकणाऱ्यावर पहारा नसतो. सोडवलेलं उदाहरण वाचायचं, मान हलवायची, 'कळलं' म्हणायचं. मागं छापलेलं उत्तर बघायचं आणि मधल्या पायऱ्या कशातरी जुळवायच्या. परीक्षेतली कॉपी निदान दुसऱ्याला फसवते. ही कॉपी कुणाला फसवते? म्हणून पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर सगळं पहिल्यापासून मांडायचं. हात थांबला तर कळलेलं नाही, मग कितीही वाटो. आणि तरीही चुका राहतातच. रामानुजननं १९१३ साली हार्डीला पत्र लिहिलं, त्यात मूळ संख्यांबद्दल चुकीचा दावा होता. एवढा मोठा माणूस, पण त्याच्या सिद्धता तपासणारं जवळ कुणी नव्हतं.

जॉर्ज ग्रीनची गोष्ट तर आपल्या पोरांना माहीतच पाहिजे. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमचा, १७९३ चा जन्म. बाप पाव भाजणारा, पुढं पवनचक्कीवर दळणारा. शाळा झाली जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष, मग बापाच्या हाताखाली कामाला. दळण आणि उरलेल्या वेळात गणित, तेही जवळपास एकट्यानं. १८२८ साली त्यानं विजेच्या आणि चुंबकाच्या गणितावर वर्गणीदार जमवून पुस्तक छापलं. त्यातलं गणित आजही फिजिक्सच्या विद्यार्थ्यांना ग्रीनच्या नावानं शिकवतात. ब्रॉमहेड नावाच्या एका गणित जाणणाऱ्या बड्या जमीनदारानं ते वाचून त्याला लिहिलं, की पुढचं लेखन पाठव, मी विद्वानांच्या सभेपर्यंत पोचवतो. ग्रीननं दीड वर्षाहून जास्त काळ उत्तरच दिलं नाही. त्याला वाटलं, थोर माणूस, तोंडदेखलं लिहिलं असेल.

मला या गोष्टीत गणितापेक्षा ही जागा टोचते. अख्ख्या युरोपात मोजक्यांना जमलं असतं असं काम करणारा माणूस, आणि तो समजतो की हे बोलावणं आपल्यासाठी नाही. एकट्यानं शिकल्यामुळं ज्ञान आलं, पण आपल्याला येतंय हे सांगणारं कुणी नव्हतं. शेवटी ब्रॉमहेडच्याच आधारानं तो १८३३ साली, चाळिशीत, केंब्रिजला विद्यार्थी म्हणून दाखल झाला. १८४१ साली वारला. १८४५ साली विल्यम थॉमसनच्या हाती ते पुस्तक पडलं तेव्हा विद्वानांना त्याची किंमत कळली.

आपल्या पोरांनी कुठल्या जमीनदाराच्या पत्राची वाट बघायची नाही. समाजमंदिरात रविवारी दोन तास, एक फळा, चार-पाच जण. एकानं मांडायचं, बाकीच्यांनी प्रत्येक पायरीला 'का?' म्हणायचं. हसायचं नाही. ज्या कार्यकर्त्याला गणिताचा गंध नाही त्यानंही बसावं, कारण 'का?' विचारायला गणित यावं लागत नाही. एनसीईआरटीची आणि बालभारतीची पुस्तकं आता फुकट मोबाइलवर उतरवता येतात, त्यामुळं पुस्तक नाही ही सबब गेली. आणि तिथंच एक वही ठेवा. कुठल्या कॉलेजात कुठला धडा शिकवलाच नाही, किती दिवस तास झाला नाही, हे तारखेसकट लिहा. ती वही मोर्चाच्या निवेदनाला जोडता येते. नुसत्या घोषणेपेक्षा ती साहेबाला जास्त जड जाते.

एक अडचण मात्र फळ्यानं सुटत नाही. अशा ठिकाणी पोरंच येतात. पोरी येत नाहीत, कारण रविवारी नळ उशिरा येतो, धुणं असतं, धाकटी भावंडं असतात. बारावीला गणितात तिचे भावापेक्षा जास्त मार्क असले तरी तिला दोन तास मिळत नाहीत. तेव्हा वर्ग सुरू करणाऱ्यांनी आधी आपापल्या घरात विचारावं, की येत्या रविवारी पाणी कोण भरणार.