अमानत आणि मत

'अमानत' हा शब्द आपल्या घरांतून पिढ्यान्पिढ्या बोलला जातो. कोणी हजला निघाले की दागिन्यांचा डबा विश्वासाच्या घरी ठेवून जाते. कोणी मुलीच्या लग्नासाठी साठवलेले चार पैसे भावाकडे देते. लेखी काही नसते, पण घेणाऱ्याला रात्री झोप कमी लागते, कारण वस्तू त्याच्या हातात असली तरी त्याची नसते. मराठीने हाच शब्द 'अनामत' करून कचेरीत, बँकेत आणि निवडणुकीत नेला. शब्दाचे रूप बदलले, नियम बदलला नाही. अनामत वापरायची नाही, तिसऱ्याच्या हाती द्यायची नाही आणि मागितली की जशीच्या तशी परत करायची.

आज आपली सर्वांत मोठी अनामत दागिन्यांच्या डब्यात नसते. ती फोन कंपनीकडे, बँकेच्या संगणकात, दवाखान्याच्या नोंदीत असते. आपण कोणाशी बोललो, कुठे गेलो, कशावर पैसे खर्च केले, कोणत्या आजाराचे औषध घेतले, हे सारे आपण कोणाच्या तरी हवाली केलेले असते. अशा वेळी कायदेमंडळ बसते आणि मते मोजून ठरवते, की ज्यांच्याकडे ही अनामत आहे त्यांनी ती सरकारकडे दिली तरी चालेल. मग प्रश्न पडतो: दुसऱ्याची अमानत तिसऱ्याला देण्याची परवानगी बहुमताने देता येते काय?

हा प्रश्न पुस्तकी नाही. अमेरिकेच्या सिनेटसमोर तो अगदी उघडपणे आला होता. २७ ऑक्टोबर २०१५ रोजी सिनेटने सायबर सुरक्षेसंबंधीच्या माहितीची देवाणघेवाण करण्याचे विधेयक ७४ विरुद्ध २१ मतांनी संमत केले. रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड बर आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या डायन फाइनस्टाइन यांनी ते मिळून पुढे नेले होते. विधेयकाचा आशय थोडक्यात असा: संगणकांवर हल्ला झाला किंवा होण्याची खूण दिसली, तर खाजगी कंपन्यांनी ती माहिती सरकारला आणि एकमेकांना द्यावी. सक्ती नाही. मात्र कायद्याच्या चौकटीत राहून माहिती देणाऱ्या कंपनीवर ग्राहकाला त्यासाठी खटला भरता येणार नाही.

होकार देणारे ७४ जण दुष्ट होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच वर्षी अमेरिकन सरकारच्या कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयातून सुमारे २ कोटी १५ लाख लोकांची माहिती चोरीला गेल्याचे उघड झाले होते. त्यात सुमारे ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसेही होते. मोहल्ल्यात चोर शिरला तर शेजाऱ्याला हाक मारणे हा गुन्हा नव्हे, ते कर्तव्यच आहे. एका बँकेवर आज जो हल्ला झाला तोच उद्या दुसऱ्या रुग्णालयावर होणार असेल, तर पहिल्याने दुसऱ्याला सावध केलेच पाहिजे. इथपर्यंत कोणाचाच वाद नव्हता. पण याच चोरीतून एक उलटा प्रश्नही निघतो. ज्याच्या स्वतःच्या घराचे कुलूप तुटले, तोच आणखी लोकांच्या चीजवस्तू आपल्याकडे ठेवायला मागत होता.

वाद होता तो चाळणीचा. चोराची खूण सांगताना घरातल्या बायामाणसांची पत्रेही त्याबरोबर जाणार असतील, तर ती आधी बाजूला काढायची की नाही? विधेयकात लिहिले होते, की धोक्याशी थेट संबंध नसलेली व्यक्तिगत माहिती देताना ती तशी आहे हे कंपनीला 'माहीत असेल' तर तिने ती काढून टाकावी. यावर दोन महत्त्वाच्या दुरुस्त्या आल्या. सिनेटर रॉन वायडन म्हणत होते, की शक्य असेल तितकी अनावश्यक माहिती गाळलीच पाहिजे. ती दुरुस्ती ४१ विरुद्ध ५५ मतांनी पडली. सिनेटर डीन हेलर यांची मागणी त्याहून कमी होती. 'माहीत असेल' या शब्दांच्या जागी 'वाजवीपणे तसे वाटत असेल' एवढेच त्यांना घालायचे होते. ती दुरुस्ती ४७ विरुद्ध ४९ अशी पडली. शंभरांपैकी चार जणांचे मत नोंदलेच गेले नाही.

आमच्या मते या विधेयकाचा नैतिक निवाडा ७४ विरुद्ध २१ या आकड्यात नाही. तो ४७ विरुद्ध ४९ या आकड्यात आहे.

असे का, ते पाहू. 'माहीत असेल तर काढा' असे सांगणारा कायदा, न पाहणाऱ्याला बक्षीस देतो. ज्याने पोते उघडून पाहिले त्याच्यावर जबाबदारी आली. ज्याने डोळे मिटून पोते पुढे ढकलले तो मोकळा, कारण त्याला 'माहीत' नव्हते. 'वाजवीपणे वाटत असेल' म्हटले की मात्र पाहणे भाग पडते. शहाण्या माणसाला जे दिसायला हवे होते ते तुला का दिसले नाही, असे मग विचारता येते. अज्ञान दोन प्रकारचे असते. एक माणसाच्या वाट्याला येते, दुसरे तो निवडतो. पहिल्याला माफी असते. दुसऱ्याला नसावी. अमानत सांभाळणाऱ्याने "डब्यात काय होते मला ठाऊक नाही, मी न उघडताच देऊन टाकला" असे सांगितले, तर आपण त्याला भोळा म्हणणार नाही.

दुसरा मुद्दा माफीचाच. माझे नुकसान ज्याने केले त्याला माफ करण्याचा अधिकार माझा. माझ्या वतीने माझा शेजारी त्याला माफ करू शकत नाही, आणि माझा आमदार-खासदारही, निदान मला न विचारता, करू शकत नाही. खटल्यापासूनचे संरक्षण म्हणजे नुकसान होण्याच्या आधीच आणि नुकसान सोसणाऱ्याला न विचारता दिलेली माफी आहे. राजकीय सोय म्हणून ती समजते. न्याय म्हणून ती पटत नाही.

यावर नेहमीचे उत्तर तयार असते: ज्याने काही केले नाही त्याला भीती कसली? न्यूयॉर्कच्या पोलिसांनी या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन ठेवले होते. तिथल्या पोलीस खात्याचे एक पथक मशिदी, चहाकॉफीची दुकाने, पुस्तकांची दुकाने आणि मुस्लिम विद्यार्थ्यांच्या संघटना यांच्यावर वर्षानुवर्षे पाळत ठेवून होते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०११ पासून ते उजेडात आणले. २०१२ मध्ये खात्याच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने शपथेवर सांगितले, की त्याच्या कारकिर्दीत या पथकाच्या कामातून दहशतवादाच्या तपासाचा एकही धागा निघाला नाही. २०१४ मध्ये पथक बरखास्त झाले. पाळत ठेवलेल्यांपैकी बहुतेकांनी काहीच केले नव्हते, तरीही मशिदीत कोण काय बोलले, दुकानात कोण बसले, याच्या नोंदी झाल्या. म्हणजे भीती गुन्ह्याच्या हिशेबाने वाटून येत नाही. ती संशयाच्या हिशेबाने येते, आणि संशय कोणावर घ्यायचा हे ज्याच्या हातात वही आहे तो ठरवतो. सायबर सुरक्षेच्या नावाने गोळा झालेली माहिती इतर काही गंभीर गुन्ह्यांच्या तपासातही वापरण्याची मुभा या विधेयकात होती. एका कामासाठी दिलेली वस्तू दुसऱ्या कामाला लावणे, याला अमानतीच्या भाषेत काय म्हणतात ते सांगायला नको.

सिनेटनंतर जे घडले तेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. डिसेंबर २०१५ मध्ये या विधेयकाचा अंतिम मसुदा वर्षाच्या सरकारी खर्चाच्या प्रचंड विधेयकात घातला गेला. सुमारे दोन हजार पानांच्या त्या गठ्ठ्याला १८ डिसेंबर रोजी प्रतिनिधिगृहाने ३१६ विरुद्ध ११३, तर सिनेटने ६५ विरुद्ध ३३ मतांनी मान्यता दिली. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी सही केली. आता या मतांचा अर्थ काय लावायचा? ज्याला माहितीचा हा व्यवहार मान्य नव्हता, त्याला 'नाही' म्हणायचे तर पगार, पेन्शन, दवाखाने यांनाही 'नाही' म्हणावे लागणार होते. एकाच प्रश्नात दोन प्रश्न कोंबले की उत्तराला अर्थ उरत नाही. मत मोजले जाते, पण विवेक मोजला जात नाही.

आपल्याकडे डोकावून पाहिले तर हे सारे ओळखीचे वाटेल. डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरील हल्ल्यानंतर महिन्याभराच्या आत, माहिती तंत्रज्ञान कायद्यातील मोठी दुरुस्ती लोकसभेत चर्चेविना संमत झाली. तिच्यातच कलम ६६ अ होते. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई बंदविषयी फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या आणि त्या पसंत केल्या म्हणून, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. ते कलम कोणाच्या मताने आले, असे त्या मुलींनी विचारले असते तर त्यांना एकही नाव सांगता आले नसते.

१६ मार्च २०१६ रोजी आधार विधेयकावर राज्यसभेने पाच दुरुस्त्या सुचवल्या. विधेयक धनविधेयक म्हणून आणलेले असल्याने त्या मानणे लोकसभेवर बंधनकारक नव्हते, आणि त्याच दिवशी लोकसभेने त्या फेटाळल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा दोन्ही सभागृहांत आवाजी मतदानानेच झाला. केंद्र सरकार आपल्या हव्या त्या यंत्रणेला सुरक्षेच्या वा सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणासाठी त्यातून सूट देऊ शकते. आवाजी मतदानात आवाज असतो, नाव नसते. मतविभागणी झाली तरी १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षाचा आदेश मोडणाऱ्याची जागा जाऊ शकते. अमेरिकेत २१ जणांनी नावानिशी 'नाही' म्हटले, आणि त्यांत दोन्ही पक्षांचे लोक होते. ते हरले, पण कोण कुठे उभा होता हे नोंदले गेले. आपल्याकडे हरणाऱ्यालाही नाव मिळत नाही आणि जिंकणाऱ्यालाही.

एक आक्षेप मात्र प्रामाणिकपणे घेतला जातो, आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला विचारून राज्य चालत नाही. म्हणून तर आपण प्रतिनिधी निवडतो. हे खरे आहे. रस्ता कुठून न्यायचा, कर किती बसवायचा, हे सर्वांचे सामाईक प्रश्न आहेत आणि ते बहुमताने सुटतात. पण माझ्या आजाराची नोंद सामाईक मालमत्ता नाही. प्रतिनिधीला तिला हात लावण्याचा अधिकार असलाच तर तो गरजेपुरता आहे: जेवढे लागते तेवढेच, ज्या कामासाठी लागते त्याच कामासाठी आणि ठरलेल्या मुदतीपुरते.

मुदतीच्या बाबतीत या अमेरिकन कायद्याचे कौतुकही केले पाहिजे. त्याला दहा वर्षांची मर्यादा होती. ३० सप्टेंबर २०२५ रोजी ती संपली आणि कायदा काही आठवडे खरोखर लुप्त झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याला तात्पुरती मुदतवाढ मिळाली, तीही पुन्हा सरकारी खर्चाच्या विधेयकाच्या पोटातून. तरीही परत येऊन विचारावे लागले, हे महत्त्वाचे आहे. जो परत येऊन विचारतो त्याच्या मनात, वस्तू आपली नाही, ही जाणीव निदान शिल्लक असते.

आपल्या हातात काय आहे? मते मागायला आलेल्या माणसाला आपण पाणी, वीज, कब्रस्तानची भिंत, शाळा यांविषयी विचारतो, आणि विचारलेच पाहिजे. त्याबरोबर आणखी एक विचारायला सुरुवात करावी. तुम्ही विधेयकाच्या बाजूने होता की विरोधात, एवढ्यावर थांबू नये. चाळणी लावणाऱ्या दुरुस्तीच्या वेळी तुम्ही कुठे होता, आणि आवाजी मतदान चालले असताना उठून मतविभागणी मागितलीत काय, हे विचारावे. एकट्या सभासदालाही ती मागता येते.

लोकसभेच्या उमेदवाराला अर्ज भरताना अनामत रक्कम ठेवावी लागते. पुरेशी मते पडली नाहीत तर ती जप्त होते, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तशी यादी छापून येते. आपण त्याच्याकडे जी अनामत ठेवतो ती त्याहून कितीतरी मोठी असते. तिचे त्याने काय केले याची यादी कोणी छापत नाही. ती आपल्यालाच ठेवावी लागेल.