नाही म्हणणारा देव

एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, दोन वर्षांत २४० तास भरावे लागतात. पावसाळ्यात त्यातले बरेच खड्ड्याशेजारी पाहुण्यांची वाट बघण्यात जातात. पाहुणे येतात, रोपाला हात लावतात, फोटो निघतो. 'खड्डा गेल्या वर्षीचाच, रोप तेवढं नवं' हा विनोद महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजात समजावून सांगावा लागत नाही.

राज्य सरकारने २०१६ साली वृक्षलागवडीच्या मोहिमेला दोन कोटी रोपांपासून सुरुवात केली आणि २०१९ साठी ३३ कोटींचं लक्ष्य ठेवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईच्या आरेमध्ये मेट्रो कारशेडसाठी रात्रीतून करवती चालल्या. सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडं पडली होती. अडवायला गेलेल्या २९ जणांना अटक झाली, त्यात विद्यार्थीही होते. पुढे २०२४ मध्ये 'एक पेड माँ के नाम' आलं. आईच्या नावाने लावलेल्या झाडाचा फोटो अपलोड करायचा. त्यामागची भावना खोटी कोण म्हणेल? पण आरे पाहिलेल्या मुलांना फोटोबाहेरचं काय, हे विचारायची सवय लागली होती.

त्यांच्या कुचेष्टेला अश्रद्धा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. प्रश्न मात्र अस्सल धर्माचा आहे: लावल्याने तोडल्याचं पाप फिटतं का?

वृक्षारोपण हे आपल्याकडे पूर्तकर्म, विहीर खणणं आणि तळं बांधणं यांच्याच पंगतीतलं. पुण्य मोठं, यात वाद नाही. प्रायश्चित्ताची गोष्ट निराळी. ते पाप कबूल केल्यावर सुरू होतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या शहरी वृक्ष कायद्यात तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावावी लागतात. साठ वर्षांच्या वडामागे साठ रोपं. हिशोब चोख, कबुलीचा रकाना कुठेच नाही.

कोकणातल्या देवरायांचा रिवाज वेगळा. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात त्यांचा अभ्यास केला. तिथे झाडाला हात लावायचा तर आधी देवाला कौल. गुरव पाषाणाला कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत बसतात, उजवी पडते की डावी. नकार आला की कोयते घरी. यात भीती होती, भाबडेपणाही होता. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी राईच विकणारी गावंही आहेतच. तरी 'नाही' म्हणण्याचा अधिकार कुणाकडे तरी होता. कोटींच्या मोहिमेत तो कुणाकडे आहे? न तोडलेल्या झाडाचं उद्घाटन काही करता येत नाही.

२०२५ च्या अखेरीस नाशिकच्या तपोवनातली सुमारे १,८०० झाडं सिंहस्थ कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी हटवण्याचा प्रस्ताव आला, भरपाई म्हणून १५,००० लावण्याचं आश्वासनही आलं. साधूंना जागा हवी म्हणून तपोवन उजाड करायचं, ही विसंगती कळायला पोथी वाचावी लागत नव्हती. कॉलेजच्या मुलांसह नाशिककर रस्त्यावर उतरले, आणि महापालिकेकडे हरकतींचे अर्ज शेकड्यांनी जमा झाले.