गव्हाचा एक घास

‘घ्या की एक घास, तेवढ्यानं काय व्हतंय?’ मराठवाड्यातल्या कुठल्याही पंगतीत हे वाक्य ऐकू येतंच. त्यात माया असते, म्हणून ते परतवणं अवघड जातं. लग्नात, बारशात, पुरणाच्या सणाला हेच वाक्य सिलिअॅक असलेल्या एखाद्या मुलाच्या ताटाशी येऊन थांबतं, तेव्हा त्याची आई वाढणारीला ‘त्याला पथ्य आहे’ एवढंच सांगते. मला वाटतं, घोटाळा या ‘पथ्य’ शब्दापासून सुरू होतो. पथ्य म्हणजे बरं होईपर्यंत पाळायची गोष्ट. कावीळ झाली की तेलकट बंद, ताप आला की जड अन्न बंद. पथ्य सैल करता येतं, सणाला एक दिवस मोडता येतं, आणि पाहुण्याला आग्रह करून मोडायला लावणं हा तर आपल्याकडे पाहुणचाराचाच भाग आहे. याच भाषेत दुसरा एक शब्द आहे, ‘वर्ज्य’. वर्ज्य गोष्टीला आग्रह होत नाही. एकादशी धरलेल्या सासूबाईंच्या ताटात कुणी पोळी वाढत नाही. सिलिअॅकच्या माणसाला गहू वर्ज्य आहे, पथ्याचा नाही, हे एवढं जरी घरोघरी पोचलं तरी पुष्कळ दुखणी टळतील.

आजाराची ओळख थोडक्यात करून देतो, कारण ‘गव्हाची अॅलर्जी’ म्हणून ती आता बऱ्याच जणांना झालेली आहे. हा शब्द मात्र चुकीचा आहे. गहू, सातू आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, आणि अन्नरस शोषून घेणारे तिथले बारीक अंकुर झिजून सपाट होतात. मग पोरगं खातं पण अंगाला लागत नाही. पोट फुगतं, उंची खुंटते, मुलीला लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने देऊनही रक्त वाढत नाही, कारण गोळीतलं लोह आतडं घेतच नाही. जुलाब प्रत्येकाला होतातच असं नाही, आणि त्यामुळेच निदान वर्षानुवर्षं लांबतं. यावर औषध नाही. ग्लुटेन जन्मभर बंद करणं हाच उपाय. आता त्या ‘एका घासा’चं माप पाहू. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात रोज 50 मिलीग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर रुग्णांच्या आतड्याचं नुकसान दिसून आलं. 50 मिलीग्रॅम ग्लुटेन म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास कणीक. पोळी लाटताना पोळपाटावर भुरभुरतो त्या पिठीची चिमूट. पोळीचा घास त्याच्या कितीतरी पट मोठा असतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की हा पंजाबातला आजार, आपला ज्वारीचा मुलूख, आपल्याकडे कुठून येणार? नांदेडमध्ये तर हा आक्षेप जास्तच पटण्यासारखा वाटतो. रणजितसिंहांच्या काळात इथल्या तख्त सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याची वास्तू उभी राहिली, पंजाबशी येणंजाणं पिढ्यान्‌पिढ्यांचं, तेव्हा गव्हाचं दुखणं तिकडचं असं म्हणणं सोपं जातं. या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या मोठ्या पाहणीत सिलिअॅकचं प्रमाण उत्तरेत 1.23 टक्के निघालं आणि दक्षिणेत 0.10 टक्के. पण त्याच पाहणीत या आजाराला पोषक असणारी जनुकं दक्षिणेतही जवळजवळ तितक्याच लोकांत सापडली. फरक ताटात होता. उत्तरेत माणशी रोजचा गहू 455 ग्रॅम, दक्षिणेत 25. ईशान्येत गहू 37 ग्रॅमच असूनही प्रमाण 0.87 टक्के होतं, म्हणून सगळा दोष गव्हाच्या प्रमाणावर ढकलता येत नाही, हेही मान्य करायला हवं. तरी एवढं कळतं, की रक्तात बी आहे आणि त्याला गव्हाचं खतपाणी मिळालं की ते उगवू शकतं. आपल्या भागात आजार नव्हता की भाकरीने तो दिसू दिला नाही, हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा. आणि भाकरी आता मागे हटली आहे. लातूरच्या काळ्या रानात खरिपाची ज्वारी होती तिथे सोयाबीन आलं. रेशनवर गहू आणि तांदूळ मिळतो, आणि पोळी ही सुबत्तेची खूण ठरली. वसतिगृहाच्या मेसमध्ये सकाळ-संध्याकाळ पोळी खाणाऱ्या लातूरच्या हजारो मुलामुलींना ‘आपल्याकडे हा आजार नसतो’ हे सांगणं आता धोक्याचं आहे.

इथे थोडं आडवाटेला जातो. गहू आणि हे दुखणं यांची सांगड घालणारा माणूस म्हणजे विलेम डिके हा डच बालरोगतज्ज्ञ. गव्हाविषयीचा संशय त्याला आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडमध्ये अन्नाची भीषण टंचाई झाली, ब्रेड मिळेनासा झाला, आणि आजूबाजूची माणसं उपाशी असताना त्याच्याकडची ही आजारी मुलं सुधारू लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा खालावली. 1950 साली त्याचा प्रबंध आला. दुष्काळाच्या आठवणी ज्या मातीत अजून ओल्या आहेत, तिथे ही गोष्ट मला फार जवळची वाटते. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी नाक मुरडत खाल्लेली परदेशी तांबडी मिलो हीदेखील ज्वारीच होती. चव नव्हती, पण तिच्यात ग्लुटेन नव्हतं.

मग उपाय सरळ दिसतो: भाकरी खा. हे मलाही पुरेसं वाटत होतं, पण गिरणीपाशी आलं की विचार अडतो. ज्वारी निर्मळ असते, तिचं पीठ निर्मळ राहत नाही. आधीच्या बाईचा गहू दळून झाला की जात्याच्या दगडांत आणि खालच्या कापडी तोंडात कणीक राहते, आणि ती पुढच्याच्या डब्यात उतरते. आपल्या बायकांना हे चांगलं ठाऊक आहे. ‘ज्वारीवर गहू टाकू नका’ असं त्या गिरणीवाल्याला बजावतात ते पोळी काळी होऊ नये म्हणून. गव्हावर ज्वारी टाकली तर मात्र कुणी बोलत नाही, आणि या आजारात नेमकं तेच घातक आहे. हिंगाचंही तसंच. दुकानातल्या बहुतेक हिंगात मैदा किंवा कणीक मिसळलेली असते, त्यामुळे वरणाच्या फोडणीतूनही गहू पोटात जातो. कुरडई गव्हाच्या चिकाची. धपाट्यात मूठभर कणीक. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, रानात आंबील चालेल, ज्वारीचे उंडे चालतील, शेजारची गव्हाची खीर चालणार नाही. ‘खपली गहू जुना, तो बाधत नाही’ असं हल्ली सांगतात तेही खोटं. खपली हा गहूच आहे.

मग वर्ज्य हाच शब्द धरून बसावं का? उपवासाचं उदाहरण मी वर दिलं ते मला आवडतं, कारण उपवासाचं तळण वेगळ्या तेलात, साबुदाण्याला वेगळी कढई, ही शिस्त आपल्या स्वयंपाकघरात तयारच आहे. पण तीच पुढे नेली की एक गोष्ट बोचू लागते. उपवास माणूस स्वतः धरतो आणि त्याला मान मिळतो. आजारी मुलाने काहीच धरलेलं नसतं. आणि वेगळं भांडं, वेगळं ताट, वेगळी जागा यांचा आपल्या समाजातला इतिहास काय आहे हे मराठवाड्याला कुणी सांगायला नको. सोवळ्याची शिस्त आणि विटाळाचा अपमान एकाच चुलीपाशी वाढले. सात वर्षांच्या पोरीला ‘तुझं ताट तिकडं’ म्हटलं की तिला काळजी ऐकू येत नाही, आपल्यात काहीतरी वाईट आहे एवढंच ऐकू येतं. म्हणून मी सुरुवातीला मांडलं त्यात आता दुरुस्ती करतो. वर्ज्य व्हायचं ते गव्हाने. मुलाला वेगळं वाढण्यापेक्षा घराचं रोजचं जेवणच त्याला चालेल असं करावं: भाकरी, भात, पिठलं, शुद्ध हिंगाची फोडणी किंवा हिंगाशिवाय, सगळ्यांना एकच. सगळे एका पंगतीत तेच अन्न खातात, हाच लंगरचाही अर्थ आहे.

एकासाठी घराने का सोसावं, असं कुणी म्हणेल. पण सोसायचं काय आहे? दोन पिढ्यांपूर्वीचं आपलंच जेवण. शिवाय हा आजार घराण्यात चालतो. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत, आईबापांत शंभरात सात-आठ जणांना तो सापडतो, तेव्हा ‘एकासाठी’ हा शब्दही खरा नाही. मात्र त्या भावंडांची रक्ततपासणी आधी करून घ्यावी आणि मग गहू सोडावा. गहू आधीच सोडला तर तपासणीत काही दिसत नाही, आणि आजार आहे की नाही हे कळायचं राहून जातं.

खरा आक्षेप पैशाचा आहे, आणि त्याला माझ्याकडे घरगुती उत्तर नाही. रेशनचा गहू फुकट आणि बाजारातली ज्वारी महाग, अशा हिशेबात मजुरी करणाऱ्या आईने काय करावं? ‘ग्लुटेनमुक्त’ असं छापलेली पाकिटं, ज्यांत कायद्याने किलोला 20 मिलीग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, तिच्या आवाक्यात नाहीत. तिला पाकीट नको, धान्य हवं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू आणि तांदळाबरोबर भरड धान्याचंही नाव आहे. तेव्हा नांदेड आणि लातूरच्या पुरवठा खात्याकडे मागणी एवढीच, की सरकारी दवाखान्याने सिलिअॅकचा दाखला दिलेल्या घराला गव्हाच्या जागी ज्वारी द्या. आणि गिरणीवाल्या भाऊंना विनंती, की अशा घराचं दळण सकाळी जातं झाडून पुसून, आधी त्यांचीच मूठभर ज्वारी दळून ते पीठ बाजूला काढून, मग सगळ्यांत पहिलं घ्या.