चेहरे वेगळे, वजन एक



आजचं चिंतन गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या आठव्या श्लोकावर. साधा अर्थ असा: ज्याचं मन ज्ञानाने आणि अनुभवाने तृप्त झालंय, जो कूटस्थ आहे, ज्याची इंद्रियं ताब्यात आहेत आणि ज्याला मातीचं ढेकूळ, दगड आणि सोनं सारखंच वाटतं, तो योगी.

खरं सांगू? हा श्लोक मला कायम सोपा वाटायचा. कारण आपल्याकडे सोनं आहेच कुठे! पगार आला की ईएमआय जातो, उरलेल्यात महिना निघतो. सोनं आणि माती सारखं म्हणायला आपलं काय जातंय? पण गेल्या महिन्यात घोडेगावला गेलो आणि हा श्लोक मला चांगलाच महागात पडला. तेच आज लिहितोय.

घोडेगाव म्हणजे नगर–संभाजीनगर रस्त्यावरचं आमचं गाव, नेवासा तालुक्यातलं. तुमच्यापैकी बरेच जण शनिशिंगणापूरला जाताना इथेच वळले असाल. कांद्याचं मार्केट, जनावरांचा बाजार, घोडेश्वरी देवी, ही गावाची ओळख. माझी गावातली ओळख मात्र 'नाणीवाला' अशी आहे. कॉलेजपासून मला जुन्या चांदीच्या नाण्यांचा नाद आहे. त्यातही रोमन नाण्यांचा. त्यांच्या चांदीच्या नाण्याला दिनारिअस म्हणतात. आपल्या नखापेक्षा थोडं मोठं, चार ग्रॅमच्या आत वजन, आणि एका बाजूला बादशहाचा चेहरा.

तर ओळखीतले एक तात्या चहाच्या टपरीवर भेटले. खिशातून कागदाची पुडी काढली आणि हळूच म्हणाले, "बघ बरं, तुला कळतंय त्यातलं. पांढरीत घावलंय. तीन हजार दे आणि घेऊन जा."

पांढर म्हणजे जुन्या वस्तीची माती, हे आपल्याकडे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पुडी उघडली. छोटंसं चांदीचं नाणं. एका बाजूला माणसाचा चेहरा, कडेने ग्रीक वळणाची अक्षरं. माउली, माझ्या छातीत अक्षरशः धडधडलं. रोमन! मग नाणं उलटवलं. मागे बाण आणि वज्र. म्हणजे रोमन नाही, नहपानाचं. क्षत्रप राजा नहपान, साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. आणि नीट बघितलं तर त्या चेहऱ्यावरच दुसरा ठसा मारलेला, कमानी-कमानींच्या डोंगराचा. तो सातवाहनांचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा.

ही गोष्ट आपल्या मातीतली आहे, म्हणून थोडी सांगतो. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथे एक मोठा साठा सापडला. नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी! त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा मारून घेतला होता. लढाई जिंकली, शत्रूची चांदी हातात आली. ती वितळवली नाही, टाकूनही दिली नाही. ऐरणीवर ठेवली, वरून घाव घातला आणि चलनात सोडली. चेहरा बदलला, चांदी तीच राहिली.

इथे श्लोकातला 'कूटस्थ' शब्द बघा. कूट या शब्दाचा एक अर्थ ऐरण असाही सांगतात. लोहार किती घाव घालतो! तापलेलं लोखंड वाकतं, चपटं होतं, आकार बदलतं. खालची ऐरण मात्र होती तशीच. रोममध्येही नाणं असंच पाडायचे: खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर चांदीची चकती, वर दुसरा ठसा आणि त्यावर हातोडा. नहपान आला, गेला. सातकर्णी आला, गेला. आपल्यावरही रोज ठसे उमटतात, कधी 'बेस्ट परफॉर्मर'चा, कधी 'नीड्स इम्प्रूव्हमेंट'चा. गीता म्हणते, अरे, तू ती चकती नाहीस. तू ऐरण हो.

वाचायला छान वाटतं. पण त्या टपरीवर माझी ऐरण कधीच हलली होती.

तात्यांच्या हातात नाणं होतं आणि माझ्या डोक्यात हिशोब सुरू होता. तीन हजार म्हणजे काहीच नाही. अडीच हजारांत देतील का? पावती नको, कुणाला सांगायचंही नको. अल्बममध्ये कुठलं पान रिकामं आहे, तेसुद्धा आठवलं. सकाळीच हा श्लोक वाचून निघालो होतो, बरं का!

तेवढ्यात मला प्लिनीची गोष्ट आठवली. प्लिनी हा रोमन लेखक, इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. तो लिहितो की क्लॉडियस बादशहाच्या काळात तांबड्या समुद्राकडे कर गोळा करणाऱ्याचा एक माणूस जहाजातून निघाला, वाऱ्याने भरकटला आणि थेट श्रीलंकेला लागला. तिथल्या राजाने त्याला सहा महिने पाहुणा म्हणून ठेवलं. त्याच्याजवळचे पैसे राजाने बघितले आणि तो चकित झाला. चकित कशाने? चांदीने नव्हे. नाण्यांवर चेहरे वेगवेगळे, म्हणजे ती वेगवेगळ्या लोकांनी पाडलेली. पण वजन सगळ्यांचं एकसारखं! राजा म्हणाला असेल, जिथे माणूस बदलला तरी वजन बदलत नाही, ते लोक विश्वासाचे. आणि त्याने रोमला आपले दूत पाठवले.

मित्रांनो, याला म्हणतात 'सम'. कुणी बघत असताना आणि कुणी बघत नसताना माझं वजन एकच. देवळात जेवढं, टपरीवर तेवढंच.

पुढची गोष्ट मात्र कडू आहे. इसवी सन ६४ च्या सुमाराला नीरो बादशहाने दिनारिअसचं वजन घटवलं आणि त्यात भेसळही वाढवली. आधी एक पौंड चांदीतून ८४ नाणी पडायची, आता ९६ पडू लागली. चेहरा तसाच रुबाबदार. एका दिवसात कुणाच्या लक्षात येण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या बादशहांनी चांदी अशीच कमी करत नेली आणि दोनशे वर्षांनी नाणं जवळपास तांब्याचं उरलं, वरून फक्त चांदीचा मुलामा. आपल्या देशात, विशेषतः दक्षिणेत, रोमन चांदीची जी नाणी सापडतात, त्यात ऑगस्टस आणि टायबेरियस यांचीच सर्वांत जास्त आहेत, म्हणजे नीरोच्या आधीची, चोख चांदीची. आपले व्यापारी चेहऱ्याला भुलणारे नव्हते. भारतात सापडलेल्या कित्येक रोमन नाण्यांवर छिन्नीचा घावसुद्धा दिसतो. तो घाव आत तांबं तर नाही ना, हे बघण्यासाठी असावा, असं काही अभ्यासक मानतात.

आपलीही चांदी अशीच कमी होते, माउली. एकदम कुणी बिघडत नाही. गळ्यात माळ तीच, स्टेटसला एकादशीची पोस्ट तीच. आत मात्र दरवर्षी थोडी थोडी भेसळ. 'एवढ्याने काय होतं' हे वाक्य म्हणजे आपल्या आतला नीरो.

मी तात्यांना नाणं परत दिलं. म्हटलं, "तात्या, हे मी घेऊ शकत नाही. तुम्हीही विकू नका." आणि त्यांना कायदा सांगितला. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. सापडवणाऱ्याचा हक्कही त्या कायद्यात धरलेला आहे. शिवाय १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात. त्यांचा धंदा करायला परवाना लागतो आणि त्या परदेशी पाठवता येत नाहीत.

तात्या हसले. "कांद्याला भाव नाही आणि तू मला कलेक्टरकडं धाडतो व्हय? पोरीची फी भरायची राहिलीय, बाबा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रात्री घरी आलो आणि दुसरी लाज वाटली. नाणं मिळणार होतं तेव्हा तीन हजार रुपये माझ्या खिशातून सहज निघणार होते. तेच तीन हजार, नाणं न घेता, पोरीच्या फीसाठी द्यावेत, असं टपरीवर माझ्या मनातही आलं नाही. आणि मनात आलं तेव्हा हात अडखळला. या महिन्यात जमेल का, परत कधी देतील, असे शंभर प्रश्न. चांदीसाठी एकही प्रश्न पडला नव्हता. म्हणजे माझ्या तराजूत चांदी आणि माणूस समान नव्हतेच. चांदीचं पारडं जड होतं.

दोन दिवसांनी पैसे दिले. दोन दिवस लागले, हे मुद्दाम लिहितोय.

आता श्लोकाचा जो अर्थ मला या प्रकरणात कळला, तो सांगतो. आपल्याला वाटतं, सोनं आणि माती सारखी म्हणजे दोन्हींकडे दुर्लक्ष, दोन्ही निरुपयोगी. मला तसं वाटत नाही. आमच्या नेवाशाला प्रवरेच्या काठी १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलियांनी उत्खनन केलं. तिथे सातवाहन काळाच्या थरात त्यांना रोमन जगाशी व्यापार असल्याच्या खुणा मिळाल्या. कसल्या? दोन कानांच्या मद्यकुंभांची फुटकी खापरं! त्यांना बाजारात कुणी चार आणे देणार नाही. पण कुठल्या थरात, कशाच्या शेजारी सापडली, याची नोंद झाली, म्हणून ती बोलू लागली. जुन्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून भडोचला माल वीस दिवसांच्या वाटेने जायचा असं लिहिलंय, आणि भडोचच्या बंदरात रोमन सोन्या-चांदीची नाणी येऊन नफ्याने बदलली जायची असंही. त्या व्यापाराचा धागा आमच्या प्रवरेपर्यंत पोचला होता, हे आम्हाला खापरांनी सांगितलं.

आणि तात्यांच्या पुडीतलं नाणं? ते त्याच्या थरातून उचललं गेलं त्या क्षणी मुकं झालं. माझ्या अल्बममध्ये आलं असतं, तर उरली असती फक्त दोनेक ग्रॅम चांदी आणि माझी फुशारकी.

म्हणजे बघा, खरा संशोधक मातीचं ढेकूळ, दगड आणि सोनं तिन्ही सारख्याच निगुतीने उचलतो, तिन्हींवर चिठ्ठी लावतो. कारण त्याला किंमत नको असते, खरं काय ते हवं असतं. योग्याचं समत्व मला असंच वाटतं. ते दुर्लक्ष नाही, ती सगळ्यांकडे सारखी नजर आहे. भावाची चिठ्ठी गळून पडली की जे दिसतं, ते.

त्याच नेवाशात ज्ञानोबा माउलींनी ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असं आपण मानतो, तो पैस खांब आहे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. तो खांब दगडाचा आहे. घोडेगावपासून पाच-सहा किलोमीटरवर शनिदेव उघड्या चौथऱ्यावर शिळेच्या रूपात उभे आहेत, आणि त्या गावात घरांना दारं न लावण्याची रीत आहे. आमच्या तालुक्याने दगडाला कधी दगड म्हणून मोजलंच नाही. मीच चांदी मोजत बसलो होतो.

शेवटची कबुली. माझ्या अल्बममध्ये तीन नाणी अशी आहेत की ती कुठून आली, हे मी घेताना विचारलं नव्हतं. विचारायचंच नव्हतं मला. या आठवड्यात तिन्हींची नोंद लिहून काढली: कधी घेतलं, कुणी आणून दिलं, काय सांगितलं. ती घेऊन पुढच्या रजेत वस्तुसंग्रहालयात जाणार आहे. ती ठेवून घेतली तर घेतली. मन अजून कुरकुर करतंय, खोटं कशाला सांगू. तात्यांनाही म्हटलंय, अर्ज मी लिहून देतो, तहसीलला बरोबर येतो. ते अजून 'बघू' म्हणतायत. मीही रेटा लावलेला नाही, पण विचारायचं सोडलेलं नाही.

आजची साधना छोटीशी. आज खर्चाचं ॲप उघडा. कुठले पैसे विचार न करता गेले आणि कुठले देताना शंभर प्रश्न पडले, एवढंच बघा. स्वतःला रागवू नका. फक्त तराजू बघा. काटा कुठे झुकतोय ते दिसलं की अर्धं काम झालं. उरलेलं माउली करून घेतील.

राम कृष्ण हरी!