सूर धरणारा

रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या वाटेला लागलं की एका वाडीत सनईवाले आबा राहत. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी निघाली की पुढे ढोल-ताशा आणि आबांची सनई, हे ठरलेलं. नातू मात्र सॅक्सोफोनच्या नादी लागला होता. मुंबईत लग्नाच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या मामाने त्याला आपला जुना ऑल्टो सॅक्सोफोन देऊन टाकला होता.

पोराचा रियाज कसून चाले. जॅझवाल्या चार्ली पार्करची सोलो मोबाइलवर निम्म्या वेगाने ऐकायची, सूर न् सूर बोटांवर चढवायचा, मग वेग वाढवायचा. जॅझमध्ये चाल तिथल्या तिथे फुलवायची असते, हे त्याला ठाऊक होतं. पण पाठ केलेले तुकडे सफाईने जोडले की तेच होतं, असा त्याचा हिशेब. तसा हिशेब पुष्कळांचा असतो, आणि जॅझवाल्यांचाच असतो असंही नाही.

आबांना तो कौतुकाने सांगे, "आबा, हा बाजा आपल्या किनाऱ्याला नवा नाय. गोव्याची पोरं चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून मुंबईला जायची. मिकी कोरियांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजायचा. ब्राझ गोन्साल्विसांनी तर याच्यावर राग आणि जॅझ एकत्र नांदवले."

आबा विचारत, "आणि त्यांच्यामागं सूर कोण धरायचा?"

"तिकडं बास असतो, पियानो असतो. सूर धरायला माणूस लागत नाय."

आबा पुढे बोलत नसत.

त्या शिमग्याला आबांचा साथीदार तापाने पडला. सनईची जोडी असते. एक चाल वाजवतो, दुसरा नुसता षड्ज धरून उभा राहतो. गालात हवा साठवायची, नाकाने श्वास ओढायचा आणि सूर तुटू द्यायचा नाही. आबा नातवाला म्हणाले, "तुझा बाजा आण. सूर धर."

एका मानकऱ्याने नाक मुरडलं, "देवापुढं पितळ?"

"ताशा काय चांदीचा हाय?" आबांनी विचारलं आणि विषय संपला.

आधी सूर जुळेना. पोराने रीड तोंडात ओली केली, मुखनळी कॉर्कवर थोडी आत ढकलली, तर सूर चढला. बाहेर ओढली, तर उतरला. शेवटी ओठांच्या दाबाने तो सनईला टेकला. पण नाकाने श्वास घेत फुंकणं काही त्याला जमत नव्हतं. दम संपला की सूर तुटे. तासाभराने त्याच्या ध्यानात आलं, की तो श्वास घेतो नेमक्या त्याच वेळी आबा चालीतून षड्जावर येऊन थांबतात. भोक दिसू देत नाहीत. त्याच्याकडे एकदाही न बघता.

रात्री खूण काढायची वेळ आली. जमिनीत पुरून ठेवलेला नारळ पालखीने शोधायचा असतो. पालखी कधी अडेल, कधी उलटी फिरेल, खांदेकऱ्यांनाही सांगता येत नाही, मग वाजवणाऱ्याला काय कळणार! गर्दी जागा देत मागे सरली आणि तेवढ्यात आबांच्या सनईची पत्ती चिरली. सनईला दोऱ्याने लटकवलेल्या जादा पत्त्यांमधली एक काढून ते थुंकीने भिजवत बसले.

उरला सॅक्सोफोन. मुंबईहून आलेले चाकरमानी ओरडले, "सोड रं! दाखव!" पार्कर बोटांवर तयार होताच.

पोराने खांदेकऱ्यांच्या पायांकडे पाहिलं. ते धुळीत घोटाळत होते. पालखी कुठेच निघाली नव्हती. तो षड्जावरच राहिला. दम संपला तेव्हा घाईने श्वास भरून पुन्हा फुंकलं नाही, ढोलाला तेवढी जागा दिली. पालखी डावीकडे कलली, तसा तो रिषभावर सरकला. ती अडली, तो परत षड्जावर. पुन्हा कलली, मग गंधार. आमराईच्या बांधाशी पालखीने गिरकी घेतली आणि दांडा जमिनीकडे दाबला गेला, तेव्हा कुठे त्याचे चार सूर एका दमात बाहेर पडले. खणलं, तर नारळ निघाला.

एकच गलका झाला. चाकरमान्यांनी पुन्हा फर्माईश केली. आबांची नवी पत्ती एव्हाना बसली होती.

"आता तुझं इंग्रजी वाजव," ते म्हणाले. "मी सूर धरतो."

पोराने पार्करचा पाठ केलेला तुकडा झोकात उचलला. ढोलवाल्याला तो काय ठाऊक! दोन फेऱ्यांत त्याने आपला शिमग्याचा ठेका चढवला आणि तुकडा त्यात बसेना. पोराने तो अर्ध्यावर टाकला, ढोलवाल्याच्या हातांवर नजर ठेवली आणि पुढचं तिथेच शोधायला लागला.