नसलेल्या धावपट्टीवर उतरताना

३० मार्च २००३ च्या रात्री शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांच्या आदेशावरून मेग्ज फील्ड विमानतळावर बुलडोझर शिरले. सकाळी धावपट्टीवर फुल्या मारल्यासारखे मोठमोठे चर होते. मिशिगन सरोवराकाठचा हा छोटा विमानतळ जगभर ओळखीचा होता, कारण १९८२ च्या पहिल्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरपासून कित्येक आवृत्त्यांत उड्डाण इथूनच सुरू होई. सिम्युलेटरसाठी विमानतळ आणि भूदृश्यं रचणाऱ्या हौशी सीनरीकारांनी तो संगणकावर पुन्हा उभा केला. २०२२ मध्ये, सिम्युलेटरच्या चाळिसाव्या वर्षी, कंपनीनेही तो परत आणला.

या मेग्जला भ्रम म्हणायचं का?

ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी शंकराचार्य अध्यासाची चर्चा करतात. पूर्वी पाहिलेलं काही आठवणीसारखं दुसऱ्याच ठिकाणी भासतं, तो अध्यास. मेग्जला हे वर्णन चपखल बसतं. पण दोरीवर साप दिसतो तो दोरी ओळखू न आल्यामुळे. ती ओळखली की साप मावळतो. सिम्युलेटरसमोर बसलेल्याला तर पहिल्यापासून सगळं ठाऊक असतं. तरीही वाऱ्याचा अंदाज घेत तो मन लावून विमान उतरवतो.

अशा जाणिवेला नैयायिकांनी वेगळी जागा दिली आहे: आहार्य ज्ञान. वस्तुस्थिती तशी नाही हे माहीत असताना, स्वतःच्या इच्छेने मानलेलं. डोंगरावर धूर दिसतोय, तरी ‘समजा, तिथे आग नाही’ असं धरून तार्किक पुढचा विचार करतो, तो याच बळावर. इथे फसवणूक कुणाचीच होत नाही.

म्हणून सीनरीत खरं-खोटं उरतच नाही, असं मात्र नव्हे. २०२० च्या आवृत्तीत मेलबर्नच्या एका साध्या उपनगरात आभाळाला भिडणारा सुळका उगवला. ओपनस्ट्रीटमॅपवर एका स्वयंसेवकाने इमारतीचे मजले २ ऐवजी २१२ नोंदवले होते आणि संगणकाने ती नोंद इमानेइतबारे बांधून काढली. तिथली घरंही पडद्यावरचीच, पण खोटा ठरला तो सुळका.

मेलबर्नची चूक सापडली, कारण ती गल्ली जागेवर आहे. अद्वैताच्या भाषेत, तिथे बाध व्हायला, म्हणजे आधीचं ज्ञान खोटं ठरायला, वाव होता. मेग्जला तो नाही. त्या जागी आता उद्यान आहे. टॅक्सीवेचं वळण चुकलं, धावपट्टीची लांबी वाढली, तर प्रत्यक्ष जाऊन पडताळा घेता येत नाही. जुनी छायाचित्रं, हवाई नकाशे आणि तिथे उतरलेल्या वैमानिकांचे शब्द हीच मुख्य प्रमाणं उरली आहेत. रिकाम्या राहिलेल्या तपशिलात सीनरीकार अंदाजाने जे भरेल, तेच पुढच्या पिढीचं मेग्ज होईल. अशा विमानतळाचा प्रत्येक दिवा लावण्याआधी दोन जुनी छायाचित्रं ताडून पाहणं, ही त्याची नैतिक जबाबदारी आहे.