सहावीतील फ्रेंच

परभाषा शिकणे हा स्वभाषेशी द्रोह आहे काय? जयपूरच्या चारदीवारीत बिऱ्हाड केलेल्या आम्हां मराठी सरकारी नोकरांपुढे, मूल सहावीत जाऊन तिसरी भाषा म्हणून फ्रेंच निवडते तेव्हा, हा प्रश्न उभा राहतो. याच तटाच्या आत सवाई जयसिंगाच्या वेधशाळेत १७३४ साली फ्रेंच पाद्री आले. ला हीर या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टके राजाच्या पदरच्या केवलरामाने संस्कृतात उतरविली. परके ज्ञान आले, आणि आपल्या पंडितांच्या भाषेत नांदू लागले. आमच्या मुलांनाही फ्रेंच अवश्य यावे. मात्र त्यांत वाचलेली गोष्ट साताऱ्याच्या आजीला मराठीत सांगता आली नाही, तर तो दोष फ्रेंचचा नव्हे. येथील शाळेत मराठी नाही, हे खरे. परंतु घरातून ती कोणी घालविली? बदलीच्या हुकमात तर तसे कलम नसते.